कंडम जिप्सी आणि आखाजीचा मुऱ्हाळी

या, अशा जवळ सरकून बसा. उंबऱ्यापासून ऐकलं की अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही आपल्या मनाचं लावता. तुमच्यावर मी जरा रागावलेलीच आहे. सुट्टी लागली की डोंगर बघायला घाटावर पळता, समुद्र बघायला कोकणात पळता, आणि खान्देशाचं नाव काढलं की "बाई गं, तिकडचं ऊन" म्हणून हात झटकता. ऊन आहेच, ते कुठे आम्ही लपवतो? पण त्या उन्हात माणसं कुठे कुठे जाऊन येतात, ते तरी विचारावं. नाही विचारलंत. म्हणून मीच सांगते. सदुसष्ट वर्षांच्या या बाईने यंदा चार दिवसांचा प्रवास केला, तोही मिलिटरीने काढून टाकलेल्या गाडीतून. आल्यापासून मला गप्प म्हणून बसवत नाही.

आधी आखाजी कळली पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. तुमच्याकडे त्या दिवशी सोनं आणतात, आमच्याकडे लेकी आणतात. लेक म्हातारी झाली तरी लेकच. झाडाला झोके बांधायचे, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस हाणायचा, आणि सासरचं नाव चार दिवस काढायचं नाही. पण लेक आपली आपण येत नाही. तिला आणायला माहेरचा माणूस जातो, बहुतेक भाऊच. त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी दारात आला, त्याच्या पायावर पाणी घातलं, त्याला जेवू घातलं, की लेक पिशवी उचलते.

माझी धाकटी बहीण शकू शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला बोरपाणी म्हणून गाव आहे, तिथे दिली. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांच्या नाल्यावरची फरशी, म्हणजे ठेंगणा पूल, वाहून गेली. काळीपिवळी जीप वर जायची बंद झाली. मोटरसायकलवरून शकू एकदा त्या चढावर पडली आणि गुडघा कायमचा गेला. तेव्हापासून दुचाकीवर बसत नाही. त्यानंतरच्या आखाजीला आमचा मोठा भाऊ नाना भाड्याची गाडी घेऊन डांबरी संपते तिथपर्यंत गेला, आणि तिथूनच फोन लावला, "शकू, ट्रॅक्टरवर बसून खाली ये, मी थांबलो आहे."

शकू म्हणाली, "मी काय खताची गोणी आहे? आणि मुऱ्हाळी कधीपासून फोनवर यायला लागला?"

फोन ठेवला. आली नाही. पुढच्या वर्षीही आली नाही. नानाने विचारलंसुद्धा नाही, म्हणून ती आणखी रुसली. यंदा नाना म्हणाला, "तिसरी आखाजी कोरडी जाऊ देणार नाही. तिच्या ओट्याला गाडी लावीन." गाडी म्हणजे कसली, तर मिलिटरीतून निघालेली जिप्सी.

नाना फौजेत ड्रायव्हर होता. बर्फात गाडी चालवली, वाळूत चालवली. फौजेत गाडी म्हातारी झाली की तिला 'कंडम' करतात आणि लिलावात काढतात. व्यापारी ठोक घेतात, कागद करतात, डागडुजी करतात, मग तुमच्याआमच्यासारख्यांना विकतात. आमच्या वहिनीने, म्हणजे नानाच्या बायकोने, हे ऐकलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, "म्हणजे एक कंडम जाणार, दुसरी कंडम आणणार, आणि तिसरीला बसवून घरी येणार. बरं आहे." मग माझ्याकडे वळून (मला घरात लहानमोठे सगळे अक्काच म्हणतात), "तुम्हीही जा हो अक्का, यांच्याबरोबर. यांना खालचं दिसत नाही आणि वरचं ऐकू येत नाही."

मला तेवढंच पाहिजे होतं.

धुळे

फाल्गुनात नाना एकटा धुळ्याला जाऊन गाडी निवडून आला होता. आता पासिंग होऊन ती तयार होती. आम्ही जळगावहून एसटी धरली आणि आखाजीच्या पाच दिवस आधी दुपारी आग्रा रोडवरच्या सुकलालशेठच्या वाड्यात पोचलो. वाडा म्हणजे पत्र्याचं कुंपण आणि आत रांगेने उभ्या गाड्या. कुणाला चाकं नाहीत, कुणाला डोळे नाहीत, दारांवर पांढऱ्या रंगातले अर्धे पुसलेले आकडे. मला वाटलं होतं भंगार बघून वाईट वाटेल. कसचं काय, मला तर जत्रेत आल्यासारखं झालं.

नाना त्या रांगेतून असा चालला, जसा आपण देवळाच्या गाभाऱ्यात चालतो. मध्येच एका गाडीत वाकून मला म्हणाला, "हे पेडलचं रबर पाह्य. किती किलोमीटर झाले ते मीटर खोटं सांगतं, रबर खोटं सांगत नाही. हिचं ब्रेकचं रबर झिजलं आहे, म्हणजे ही डोंगरात होती. आणि त्या पलीकडचीचं क्लचचं रबर गुळगुळीत, म्हणजे ती शहरात साहेबाला घेऊन फिरली."

"मग आपली?"

"आपली दोन्ही पायांनी सारखी झिजली आहे. समजूतदार आहे."

तेवढ्यात सुकलालशेठ किल्ली फिरवत आले. जाडजूड, हसरा माणूस, खिशात तीन मोबाइल. "या नाना, या अक्का. बठ्ठा कागद तयार शेतस. पासिंग बी हुई गयं. आते फक्त किल्ली लई ल्या." आणि त्यांनी मागची ताडपत्री ओढली.

बायांनो, खाली पिवळी गाडी होती. साधी पिवळी नाही. हळद कालवून अंगाला चोपडल्यासारखी पिवळी, वरून खालपर्यंत.

नानाने गाडीभोवती एक फेरी मारली. मग म्हणाला, "हे काय केलं?"

"रंग," शेठ म्हणाले. "केळीना. तुम्हीच फोनवर सांगेल व्हतं ना."

आता इथे थांबा, हे नीट समजून घ्या. मिलिटरीचा तो गडद हिरवा रंग साध्या माणसाच्या गाडीला चालत नाही, तसा कायदाच आहे. गाडी बाहेर आली की रंग बदलावा लागतो. शेठने फोनवर विचारलं होतं, कोणता देऊ? नानाच्या मनात हिरवाच बसलेला. तो नाही तर त्याच्या जवळचा, पोपटी म्हणा. म्हणून तो म्हणाला, आपल्या केळीचा दे. अहो, आम्ही जळगावशेजारच्या असोद्याचे लोक. आमच्याकडे केळ म्हणजे हिरवीच. बागेत हिरवी, कापणीला हिरवी, ट्रकात भरताना हिरवी. ट्रकात चढायच्या आधी एखादा घड पिवळा पडला तर व्यापारी हात लावत नाही, तो गुरांपुढे जातो. आमच्याकडे पिवळं केळ म्हणजे वाया गेलेलं केळ. हे जगात दुसरीकडे उलटं असतं, हे सत्तर वर्षांत नानाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मंग केळ कोनता रंगनं ऱ्हास?" शेठ खरंच गोंधळून विचारत होते. त्यांच्या कामावरची माणसं जमली. एक जण म्हणाला, "नाना, झकास दिसते. रातले बी दिसेल." नाना एका जुन्या टायरवर जाऊन बसला आणि तोंड भिंतीकडे केलं.

शेठने परत रंगवायची तयारी दाखवली. पण गाडीच्या बुकात रंग लिहिला गेला होता. पुन्हा अर्ज, पुन्हा पासिंग, पंधरा दिवस तरी लागणार. आणि आखाजी पाच दिवसांवर.

"मी फौजी माणूस," नाना भिंतीला सांगत होता. "हळद लागलेल्या गाडीत बसून बहिणीच्या गावात जाऊ? लोक म्हणतील, म्हातारा नवरदेव आला."

मग मी शेठच्या हातातून किल्ली घेतली आणि गाडीत चढून ड्रायव्हरच्या जागेवर बसले. चढताना लुगडं दारात अडकलं, पण बसले.

नाना वळला. "अक्का, तू काय करते?"

"मुऱ्हाळी जाते."

"तुले गाडी येते का?"

"नाही येत. जिथपर्यंत जाईल तिथपर्यंत जाईन. पण शकूला तिसऱ्या वर्षी रंगामुळे आलो नाही असं सांगायला माझं तोंड नाही."

कामावरची माणसं हसली. शेठ हसले नाहीत, घाबरले, कारण गाडी त्यांच्या पायांच्या रोखाने उभी होती. नाना उठला, बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढून बोटाला लावली, वास घेतला, चासीवरचा नंबर कागदाशी ताडून पाहिला, ब्रेक दाबून पाहिले. मग त्याची नजर परत त्या पिवळ्यावर पडली, त्याने फटकन बॉनेट लावलं आणि म्हणाला, "सरक तिकडे."

निघताना जेवलो. धुळ्याची शेवभाजी मी पहिल्यांदाच धुळेकरांच्या हाताची खाल्ली. आम्ही जळगावकडचे लोक वांग्याच्या भरितावर मिशा पिळतो, पण तो काळा रस्सा आणि त्यात शेवटी टाकलेली जाड तिखट शेव, वा. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. नाना रागात होता, त्यामुळे त्याला तिखट लागलंच नाही. तीन भाकरी खाल्ल्या.

तापीपलीकडे

एसटीच्या खिडकीतून मी आग्रा रोड पाहिला होता, पण कापडी टपाच्या जिप्सीतून तो दिसतो, लागतो, कानात शिरतो. टपाचं कापड फडफड वाजतं, वारा भट्टीतला, बाजूने कंटेनर जातो तेव्हा आपली गाडी त्याला नमस्कार केल्यासारखी हलते. मी सगळ्यांकडे बघून हात हलवत होते आणि सगळे मला हात हलवत होते. पिवळ्या गाडीचा तो फायदाच होता. नानाला मी तो सांगितला नाही.

मागे गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लोखंडी पडलं होतं, ते सारखं खडखडत होतं. मी म्हटलं जॅक असेल. त्यावर माझी उशी ठेवली, वरून शकूसाठी घेतलेल्या पापडांची पिशवी ठेवली, आणि आवाज बंद केला. माझ्या हुशारीचं मला फार कौतुक वाटलं.

दर अर्ध्या तासाला नाना गाडी बाजूला घ्यायचा, उतरायचा आणि चारही चाकांच्या मधोमध तळहात टेकवून बघायचा.

"ताप बघतोस का?"

"तसंच समज. हात टेकवता आला तर बेअरिंग बरं आहे. चटकन मागे घ्यावा लागला तर ग्रीस मागते आहे. फौजेत आम्ही दर मुक्कामाला असा फेरा मारायचो. गाडी बोलत नाही ना, ढोरासारखीच आहे, आपणच हात लावून विचारायचं."

तिसऱ्या फेऱ्याला मी उजवीकडची दोन चाकं माझ्याकडे घेतली. हात टेकवायची आणि मोठ्याने सांगायची, "बरं आहे." एकदा मागच्या चाकाला हात चटकला. नाना पळत आला, त्याने हात लावला आणि म्हणाला, "अक्का, ते ऊन आहे. ही बाजू उन्हात होती." पण म्हणाला हसून. धुळ्यानंतर तो पहिल्यांदा हसला तो तिथे.

तापी ओलांडताना मी पाण्यात नाणं टाकलं आणि नदीला सांगितलं, परत येताना तिघं असू दे. शिरपूरला लॉजवर मुक्काम केला.

फरशी नसलेला नाला

सकाळी लवकर निघालो. शिरपूरपासून वर गेलं की शेतं बारीक होत जातात. आमच्याकडे पाटाचं, बोअरचं पाणी, केळीच्या बागांची सावली. इथे सगळं पावसाच्या भरवशावर. नांगरून ठेवलेली तांबडी रानं, मध्ये मोहाची झाडं, घरांपुढे खाटांवर आमचूर वाळत घातलेला. त्या आमचुराचा आंबट वास गाडीत शिरला आणि तोंडाला पाणी सुटलं. मग डांबरी संपली. दोन वर्षांपूर्वी नाना जिथून फोन करून परतला होता, ती हीच जागा. त्याने तिथे गाडी थांबवली नाही, नुसती मान खाली घातली आणि पुढे गेला.

नाला आला. फरशीचे सिमेंटचे तुकडे कडेला पडलेले. खाली वाळू, मध्ये पाण्याची एक बारीक धार, आणि पलीकडे चढ. चढ म्हणजे सुटे दगड, माणसाच्या डोक्याएवढे. नाना खुशीत आला. गिअरच्या शेजारचा छोटा दांडा मला दाखवला. "हा ओढला की पुढची चाकंसुद्धा जोर लावतात. आता बघ, बकरीसारखी चढते की नाही." दांडा ओढला, आणि आम्ही पाण्यातून पार होऊन चढाला लागलो.

आणि तिथेच राहिलो. मागची चाकं घरघर फिरली, दगड मागे उडाले, वाळू खणली गेली, गाडी कमरेपर्यंत बसली. पुढची चाकं नुसती बघत उभी. नानाने दांडा परत मागेपुढे केला. पुन्हा तेच.

मोहाची फुलं वेचून चाललेल्या दोन बाया टोपल्या घेऊन वर थांबल्या. एक पावरा आदिवासी म्हातारा गुरं पाण्यावर घेऊन आला होता, तोही थांबला. त्यांच्यातली धाकटी बाई म्हणाली, "हाई नवरदेवनी गाडी शे का?"

मी म्हटलं, "हो गं. नवरदेव सत्तर वर्षांचा आहे."

"मंग नवरी कोठे शे?"

"वर, बोरपाण्याला. त्याची बहीण आहे ती."

दोघी इतक्या हसल्या की टोपल्या खाली ठेवाव्या लागल्या. म्हातारा हसला नाही. तो खाली बसला, गाडीखाली वाकून पाहिलं आणि नानाला म्हणाला, "भाऊ, तुनी गाडीना एक पाय नही शे."

नानाने पाठ वाळूत टेकवली आणि खाली शिरला. बराच वेळ नुसतेच त्याचे बूट दिसत होते. मग आतून आवाज आला, "अक्का, मी गाढव आहे."

झालं होतं असं. इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना नेणारा एक लोखंडी दांडा असतो, त्याला शाफ्ट म्हणतात. पेट्रोल कमी लागावं म्हणून वाड्यातले मिस्त्री तो काढून ठेवतात. डांबरीवर त्याचं काही कामच नसतं. फाल्गुनात नानाने गाडीखाली झोपून पाहिलं तेव्हा तो होता. पासिंगच्या वेळी कुणीतरी काढला. "फौजेत गाडी ताब्यात घ्यायच्या आधी पाठ जमिनीला लागलीच पाहिजे," नाना वाळूतून बोलत होता. "नोकरीत एकदा चुकलो नाही. आणि काल रंगाच्या रागात खाली वाकायचं राहिलं. आता शकूला काय सांगू? गाडी नाल्यात आहे, ट्रॅक्टरवर बसून ये?"

तो चढ संपला की बोरपाणी, वरून कोंबडा ओरडला तरी ऐकू येत होता. आणि माझ्या डोक्यात एकदम खडखड वाजलं. मी मागे धावले, पापड उचलले, उशी फेकली, गोणपाट सोडलं. आत तो शाफ्ट होता. चिंधीत बांधलेले बोल्टसुद्धा होते. आठ पाहिजेत, सात होते. आदल्या दिवसापासून मी त्याच्यावर उशी ठेवून त्याला गप्प करत होते.

"सात चालतील," नाना म्हणाला. "पण मला एकट्याला जमायचं नाही. एकाने धरायचं, दुसऱ्याने आवळायचं. माझा उजवा खांदा वर उचलत नाही."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हातारा गुरं सोडून येईना, बाया लाजल्या. मी लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि खाली शिरले.

बायांनो, मी आयुष्यात चुलीपुढे वाकले, केळीच्या खोडाशी वाकले, पण गाडीच्या पोटाखाली पाठीवर कधी झोपले नव्हते. वाळू पाठीला भाजत होती, वरून ऑइलचा थेंब कपाळावर पडला. ते करंगळीएवढ्या भोकात भोक जुळवायचं काम. नाना म्हणे, "जरा वर. जरा फिरव. माझ्याकडे, माझ्याकडे, तिकडे नाही." मी म्हणे, "माझा हात तुटला तर तूच भाकरी कर." एक बोल्ट लागला, दुसरा लागला. आणि मग नाना आवळायचा थांबला.

"काय झालं?"

"वर पाह्य."

मी पाहिलं. रंगाऱ्याने वरवरच रंगवलं होतं. खाली सगळी गाडी हिरवीच होती, तीच फौजेची, एका कोपऱ्यात पांढरे आकडेसुद्धा तसेच. नानाने तळहात त्या हिरव्याला लावला, जसा चाकांना लावायचा तसा. मग उरलेले पाच बोल्ट असे आवळले की मला पाना धरायलासुद्धा दिला नाही.

बायांनी चाकांमागे दगड लावले. म्हाताऱ्याने कुठला दगड आधी काढायचा ते दाखवलं. नाना बसला, दांडा ओढला, आणि गाडीची पुढची चाकं जागी झाली. काय सांगू तुम्हाला. पुढच्या दोन पायांनी धरायचं आणि मागच्या दोन पायांनी ढकलायचं, असं करत ती पिवळी बया हळूहळू, एकेका दगडाला विचारत, चढ चढली. मी मागून पळत होते आणि माझ्यामागून त्या दोघी बाया. धाकटी म्हणाली, "अक्का, तुम्हन्या बांगड्या काया व्हई ग्यात." खरंच, ऑइलने काळ्या झाल्या होत्या. मला अजून त्या धुवायच्या आहेत.

शकूचा ओटा

शकू ओट्यावर आमचुराच्या फोडी उलटत बसली होती. गाडी थेट ओट्याला लावली. अख्खं गाव गोळा झालं. नाना उतरला, डोक्यापासून पायापर्यंत वाळू आणि ऑइल. मी उतरले, त्याहून वाईट.

शकूने आम्हाला वरून खालपर्यंत पाहिलं. "मुऱ्हाळी बोलावला होता. हे मिस्त्री कोणी पाठवले?"

नाना म्हणाला, "शकू, फोनवर यायला नको होतं मी."

ती आत गेली, तांब्या घेऊन आली आणि त्याच्या पायांवर पाणी घातलं. ऑइल काही निघालं नाही. मग तिने पदराने पुसलं, पदर काळा झाला, आणि मग ती रडली. गुडघा आखडलेला म्हणून तिला खाली बसून रडता येईना, म्हणून उभी राहूनच रडली.

आमचे दाजी, म्हणजे शकूचे यजमान, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अक्का, तिने यंदा पिशवी भरलेली नाही. दोन वर्षं भरून ठेवली होती. यंदा म्हणाली, भरायची आणि सोडायची, हात दुखतात." म्हणून तिथे एक दिवस जास्त राहिलो. तो दिवस पिशवी भरण्यात गेला. भरायला एका लुगड्याची घडी घालायला लागतो तेवढाच वेळ लागला असेल, बाकीचा वेळ काय काय न्यायचं ते सांगण्यात: वहिनीसाठी आमचूर, माझ्यासाठी चारोळी, डिंक. ज्वारीची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. त्यांच्याकडे पाहुण्याला पहिला घास घरातली सगळ्यात म्हातारी बाई देते. आमच्याकडे असं नाही, पण असायला हवं. नाना दिवसभर गाडीखाली होता. गावातल्या कुणाच्या तरी ट्रॅक्टरच्या सुट्या सामानातून आठवा बोल्ट त्याला मिळाला आणि तो बसेपर्यंत त्याने चहा घेतला नाही.

असोदा

येताना चोपड्यावरून आलो. शकू पुढे बसली, मी मागे गोणपाटाच्या जागी. जिथे वाळूत अडकलो होतो तो नाला उतरताना तिने डोळे मिटून घेतले आणि पार झाल्यावर म्हणाली, "एवढंच होतं?" नानाने नुसता गिअर बदलला. मी माझ्या काळ्या बांगड्या पदराखाली घेतल्या.

संध्याकाळी माहेरच्या दारात गाडी थांबली. वहिनी भाकरीचा तुकडा ओवाळायला घेऊन आली, झोका बांधून तयार होता. पण शकू उतरेना.

"मी एकटी उतरणार नाही. अक्काला घेऊन ये."

नाना म्हणाला, "अक्का मागे बसली आहे की."

"ती तुझ्याबरोबर मदतनीस म्हणून आली. तिला मुऱ्हाळी कधी गेला?"

आणि खरंच, बायांनो. माझं माहेर असोदा आणि सासरही असोदा. दोन गल्ल्यांचं अंतर. पन्नास वर्षं मी आखाजीला चालत येते, डब्यात पुरण घेऊन, संध्याकाळी चालत परत. मला कुणी आणायला यायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्यासुद्धा.

"दोन गल्ल्यांसाठी गाडी काढू?" नाना म्हणाला.

"माझ्यासाठी डोंगर चढला. तिच्यासाठी गल्ली जड झाली?"

नानाने मला माझ्या दारात सोडलं आणि गाडी घेऊन निघून गेला. मी आत गेले. आमचे हे ओसरीवर पेपर वाचत होते. पाच मिनिटांत गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला, लांबलचक, आणि पिवळी गाडी आमच्या ओट्याला लागली. सुनेने धावत तांब्या आणला. मी नानाच्या पायांवर पाणी घातलं. मग घरात गेले आणि पिशवी काढली. दोन गल्ल्या जायचं, तरी तीन लुगडी भरली.

ह्यांनी विचारलं, "कुठे निघालीस?"

"माहेरी."

"कधी येशील?"

"घ्यायला या, म्हणजे येईन."

चार दिवस मी परत गेले नाही. चार दिवस झोके घेतले, शकूबरोबर आमरस चाटला, आणि रोज सकाळी नानाबरोबर चाकांवर हात ठेवून आले. पाचव्या दिवशी हे आले, चालतच आले, नवीन टोपी घालून.

तर आता तुम्ही खान्देशात या. ऊन बिन म्हणू नका. केळीच्या सावलीत बाज टाकून देईन, वांगी आली की भरीत करीन. आणि तुमच्यातल्या कुणाला जर मुऱ्हाळी नसेल, भाऊ नसेल, असून येत नसेल, किंवा माहेर इतकं जवळ असेल की कुणाच्या लक्षातच आलं नसेल, तर मला तेवढं कळवा. लवकर कळवा. नाना गाडीखाली पाठ टेकवून सगळं बघून घेईल आणि तुमच्या ओट्याला येऊन हॉर्न वाजवील. तुम्ही फक्त पिशवी भरून ठेवा.